आमच्या उंचीचा हिशेब द्या

संपादकांनी कविता मागितली होती. अर्धी लिहूनही झाली होती, जंगलावरची, बरी होती. ती बाजूला ठेवली. कारण सांगतो.

मागच्या महिन्यात रात्रपाळी करून घरी आलो तर बहीण उंबऱ्यात बसलेली. मांडीवर तिची पोरगी, 22 महिन्यांची. अंगणवाडीतून नुकतीच आली होती. सेविकाबाईंनी पोरीला फळीवर निजवून लांबी मोजली : 76 सेंटिमीटर. पुढे शेरा, खुजे. बहीण मला विचारते, "भाऊ, खुजे म्हंजे काय गा? पोट्टी तं हासते, खेळते, वजन बी जमते म्हने बाई. मंग कमी काय हाय?"

मला तो शब्द चांगला ठाऊक आहे. पाच वर्षांपूर्वी शिपाई भरतीच्या मैदानावर पहाटे पाचला रांगेत उभा होतो. पाच महिने गावच्या डांबरी रस्त्यावर 1600 मीटर पळून पळून पायाच्या पोटऱ्या दगड केल्या होत्या. खांबाला पाठ लावली, टाचा जुळवल्या. पाहिजेत 165. भरले 163. "पुढचा!" झालं. माझं पळणं पाहायची पाळीच कोणावर आली नाही. माझ्या मागे आमच्याच गावच्या पाटलाचा पोरगा होता. त्याचे भरले 174. आमची शाळा एक, मास्तर एक, पाऊस एक. पाण्याचं तसं नाही. त्याच्याविषयी पुढे बोलतो.

तिथून कागदाच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. गिरणी उंची मोजत नाही.

घरी आल्यावर गावातला एक शहाणा म्हणाला, तुमची जातच ठेंगणी बाबू, रक्तात नाही त्याला कोण काय करणार. तो अंगठाछाप माणूस, त्याला मी सोडून दिलं. पण हेच शहाणपण इंग्रजीतून लिहिणारे आहेत त्यांना कसं सोडायचं? 2013 साली अरविंद पानगढिया नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहिला. भारतातली पोरं आफ्रिकेतल्या पोरांपेक्षा खुजी दिसतात ते कुपोषणानं नव्हे, मोजायची पट्टीच चुकीची आहे, वंशाचा फरक आहे, असा त्याचा एकूण रोख. 2015 साली हेच गृहस्थ नीती आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

दोस्तहो, ही पट्टी कुठून आली ते ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं ती 2006 साली काढली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजून काढली. भारतातली मुलं घेतली ती दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरांतली. आणि ती दिल्लीची मुलं नॉर्वेच्या मुलांच्या जवळजवळ बरोबरीनं वाढली. त्या पट्टीवर माझ्या भाचीच्या वयाची पोरगी 84 सेंटिमीटरच्या आसपास असते. ही 76. मधले आठ सेंटिमीटर रक्तानं नाही खाल्ले.

अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या दोन अभ्यासकांनी तर जातवार हिशेब मांडला. सवर्ण हिंदूंची मुलं आफ्रिकेतल्या मुलांपेक्षा ठेंगणी नाहीतच. देशाची सरासरी खाली येते ती आमच्या आणि आदिवासींच्या पोरांमुळे. आणि जिथं अस्पृश्यता जास्त पाळतात तिथं दलित पोरांची उंची आणखी मार खाते. म्हणजे पानगढियासाहेबांना जो वंश दिसला ती जात होती. सेंटिमीटरमध्ये मोजता येते जात. इतके दिवस आपण ती भाषणात मोजत होतो.

आता पाणी. आमच्या गावाची रचना तुमच्या गावासारखीच आहे, वेगळी सांगायची गरज नाही. वरच्या अंगाला पाटलाचा वाडा, मग तेली, कुणबी, मग चावडी, मग उतार. उताराच्या पायथ्याशी आमचा मोहल्ला, आणि नाल्यापलीकडे गोंडांची टोली. गावाची सगळी नाली आमच्या हापशीच्या ओट्याला घासून जाते. पावसाळ्यात ओटा दिसत नाही. ओट्याच्या पलीकडे ती बोडी, जिच्या काठावर चार पिढ्या गाव हागत आलं. त्याच चिखलात आमची पोरं रांगतात, माती तोंडात घालतात, कोंबड्यांमागे धावतात. माय रोवण्याला गेलेली असते. मोठी बहीण म्हणजे सहा वर्षांची पोर धाकट्याला राखते. तिला तुम्ही हात धुवायचे पोस्टर दाखवा.

गू पोटात जातो म्हणजे दर वेळी हगवण लागतेच असं नाही. हगवण लागली तर निदान कोणी दवाखान्यात तरी नेतं. डॉक्टर लोक सांगतात ते मला समजलं ते असं : रोज थोडे थोडे जंतू पोटात जात राहिले की आतड्याची आतली बाजू, जिच्यावर बारीक केसाळ लव असते आणि जी अन्न शोषते, ती झिजून सपाट होते. आतडं गळकं होतं. मग पोरगं खातं पण अंगी लागत नाही. खाल्लेल्यातलं बळ जंतूंशी लढण्यात जातं, हाडापर्यंत पोचत नाही. बाहेरून काही दिसत नाही. पोर हसतं, खेळतं. फक्त वाढायचं थांबतं. आणि हे सगळं घडतं मायच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, एक हजार दिवसांत. त्यानंतर तूप पाजा नाहीतर बदाम चारा, गेलेली उंची बहुतेक गेलीच. डोक्याचीही वाढ त्याच दिवसांतली.

पोटुशी बाईचं तर आणखीच. आडोसा नाही म्हणून दिवसभर जायचं नाही, जायचं नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, दोन घास कमी खायचे. उठून अंधारात बोडीवर. अशा मायच्या पोटात पोर वाढणार कुठं?

मग संडास आले. 2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत सुरू झालं, घरामागं 12 हजार रुपये. एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, 2 ऑक्टोबर 2019 ला देश. आमच्या गावाच्या फाट्यावर तसा बोर्ड आहे. त्या बोर्डाच्या मागच्या बाजूला लोक बसतात, कारण आडोसा चांगला आहे. खोटं वाटलं तर या एकदा पहाटे.

मी असं म्हणत नाही की काहीच झालं नाही. आमच्याही घरी संडास झाला. पण मोहल्ल्यातल्या निम्म्या संडासांत गोवऱ्या आहेत, इंधन आहे, एकात शेळी बांधतात. आणि वरच्या गावात, जिथं टाइल्स लावलेले संडास आहेत, तिथले म्हातारे टमरेल घेऊन बाहेरच जातात. का? पाणी नाही म्हणून? त्यांच्याकडे बोअर आहे. शिक्षण नाही म्हणून? घरात मास्तर आहे. मी विचारलं एकाला. तो म्हणाला, खड्डा भरला तर काढणार कोण?

हा खरा प्रश्न, दोस्तहो. सगळ्या स्वच्छता अभियानांच्या पोटात हा प्रश्न आहे, आणि एकाही भिंतीवर तो रंगवलेला नाही. शासनाचा संडास दोन शोषखड्ड्यांचा. एक पाचेक वर्षांत भरला की दुसरा चालू करायचा. पहिला बंद ठेवायचा, वर्ष-दोन वर्षांत त्यात गू राहत नाही, सुकं खत होतं, वासही येत नाही. शेणखत जसं उपसतो तसं उपसायचं. पण शेणखत आपल्या हातानं उपसणारा कुणबी हे खत उपसणार नाही. तो म्हणतो, मी लहान खोलीएवढा खड्डा बांधीन, सात पिढ्या भरणार नाही असा, नाहीतर संडासच नको. डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या खेड्यांत फिरून 2017 साली पुस्तक लिहिलं, त्यातही हेच. 2014 साली पाच राज्यांत त्यांच्या लोकांनी पाहणी केली. चालू संडास असलेल्या शंभर घरांपैकी चाळीसहून जास्त घरांत कोणी ना कोणी उघड्यावर जातच होतं. बांगलादेश पाहा. 1990 च्या सुमारास तिथं दर तिघांतला एक उघड्यावर बसायचा, 2015 पर्यंत जवळजवळ कोणी उरला नाही. साधा खड्डा, सिमेंटची कडी, बांबूचा कूड. आमच्यापेक्षा श्रीमंत होते म्हणून नव्हे.

थोडक्यात, सवर्णाला गू उघड्यावर चालतो, गुवाचा खड्डा घराजवळ चालत नाही. कारण खड्डा म्हटला की त्याला आपण दिसतो. आणि त्याच्या त्या विटाळाची किंमत माझी भाची देते आठ सेंटिमीटरनं. नालीतून वाहत येतो तो विटाळ.

मागच्या उन्हाळ्यात वरच्या गावातून आमच्या मोहल्ल्यात निरोप आला. संडासाचा खड्डा तुंबला, दोन माणसं पाठवा, हजार रुपये देऊ. आमच्यातला एक जण दारू पिऊन जायला निघाला होता. पोरांनी अडवला. या देशात 1993 पासून आणि पुन्हा 2013 पासून कायदा आहे, हे काम माणसाकडून करवून घेणं गुन्हा आहे. निरोप आणणाऱ्याला आम्ही तो कायदा वाचून दाखवला. त्याला वाटलं आम्ही रेट वाढवतो आहोत. दीड हजार म्हणाला.

आता आपल्या घरातलं सांगतो, कारण दुसऱ्याचं सांगणं सोपं असतं. आमच्या संडासाचा पहिला खड्डा भरून दोन वर्षं झाली होती. मी ठरवलं, आपला आपण उपसायचा. फावडं घेऊन उतरलो. माय दारात येऊन उभी राहिली आणि रडायलाच लागली. "मेलेलं ढोर वढनं सोडलं, पडेल खानं सोडलं, बाबासाहेबानं सोडाले लावलं. आन् तू पुन्यांदा हातात घेतेस का बे?" माझा आजा सोळा वर्षांचा असताना 16 ऑक्टोबर 1956 ला बंडीनं चांद्याला गेला होता, बाबासाहेबांच्या हातची दीक्षा घ्यायला. परत आल्यावर त्यानं ढोर ओढायचा दोर विहिरीत टाकला, असं आमच्या घरात सांगतात. त्या घरात मी फावडं घेऊन खड्ड्यात.

मायचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला मी एवढंच म्हणालो, माय, दुसऱ्याचा उपसला तर तो दोर, आपला उपसला तर ते खत. ती काही बोलली नाही. खत वांग्याला घातलं. वांगी चांगली आली. मायनं खाल्ली नाहीत, अजून खात नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राचे स्वच्छतेचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत असल्याच खड्ड्यात उतरले होते, पेपरात फोटो आले होते. ते उतरले तर बातमी झाली. मी उतरलो तर शेजारी कुजबुजले, महार पुन्हा आपल्या कामाला लागला. सारखंच फावडं, पण उतरणाऱ्याची जात बदलली की अर्थ बदलतो. म्हणून माझी मागणी अशी आहे की गावात सगळ्यात आधी सरपंचानं आपला खड्डा आपल्या हातानं उपसावा, भर दिवसा. मग उपसरपंच, मग मास्तर. आम्ही आपापला उपसूच. रांगेत मात्र आम्ही मागे राहू. इतकी वर्षं पुढे होतो.

इथं कोणी विद्वान मला अडवेल. म्हणेल, बाबा, संडासानं उंची वाढत नाही, प्रयोग झालेत. झालेत, मला माहीत आहे. मध्य प्रदेशात आणि ओडिशात संडास बांधून पाहिले, पोरांच्या उंचीत फरक पडला नाही. केनिया, बांगलादेश, झिम्बाब्वे इथंही घरोघर संडास, साबण दिले, उंची वाढली नाही. पोषक खाणं दिलं तिथं थोडी वाढली. आणि आपल्याच महाराष्ट्रात 2004 साली शासनानं आणि जागतिक बँकेनं मिळून एक प्रयोग ठरवला होता. त्यात मात्र पोरं उंच झालेली दिसली, आणि संडास काही घरोघर झाले नव्हते, थोडेच वाढले होते. पण गंमत ऐका. ठरले होते तीन जिल्हे : अहमदनगर, नांदेड, नंदुरबार. प्रत्यक्ष काम झालं फक्त अहमदनगरात. आदिवासींचा नंदुरबार कागदावरच राहिला. त्यांची पोरं मोजायला माणसं गेली, संडास बांधायला नाही गेली.

या सगळ्यातून मी काय समजलो? एका घराला संडास दिला आणि शेजारची वीस घरं बोडीवर जात राहिली तर त्या एका घरातल्या पोराच्या पोटात वीस घरांचा गू जाणारच. अर्धा संडास म्हणजे अर्धी उंची नव्हे, शून्य. गाव सगळं एकदम सुटलं पाहिजे, हापशीजवळची नाली वळली पाहिजे, आणि त्याच वेळी पोराच्या ताटात काही पडलं पाहिजे. एक करून दुसरं नाही केलं की प्रयोग फसतो, आणि फसलेल्या प्रयोगावर पेपर लिहून होतो.

ताटाचं काय? 2 ऑक्टोबर 1975 पासून देशात अंगणवाडी आहे. पोरामागे दिवसाला पोषणाचा दर 2017 साली ठरला आठ रुपये. गिरणीच्या दारात आठ रुपयांत अर्धा चहा मिळतो. सुप्रीम कोर्टानं 2004 साली सांगितलं होतं, अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नको, महिला मंडळांना काम द्या. आमच्या मोहल्ल्यात येतं ते पाकीट. पीठ भरलेलं, गोड, वासाचं. आमच्या कोंबड्या ते आवडीनं खातात. कोंबड्यांची उंची बरी आहे.

एक चांगली गोष्ट झाली होती. 2015 साली आदिवासी भागांसाठी अमृत आहार योजना आली. पोटुशी आणि बाळंतीण बाईला अंगणवाडीत एक वेळ गरम जेवण, पोरांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळ. भात, डाळ, भाजी, अंडं. तिथं डोकं लावायला काही नाही, रांधायचं आणि वाढायचं. गोंडांच्या पोरांनी अंडं सोडलं नाही, आमच्याही सोडणार नाहीत. पण अंड्याचं नाव काढलं की राज्यातल्या पवित्र लोकांचं पोट दुखतं. शाळेच्या जेवणात 2023 च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं, ओरड झाली. जानेवारी 2025 मध्ये शासनानं त्या अंड्याचे पैसेच बंद केले. ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये. पण ज्याचं पोर 174 होणार आहे त्यानं 163 वाल्याच्या ताटातलं अंडं उचलून न्यायचं, हा कुठला धर्म?

आणि रक्त. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांतली 35 खुजी निघाली, आणि शंभरातल्या जवळजवळ 69 जणांच्या अंगात रक्त कमी. रक्तात लोह नाही म्हणून. एटापल्लीच्या सूरजागड डोंगरातून लोखंड भरभरून ट्रक जातात, आमच्या रस्त्यांची चाळण झाली. डोंगराखालच्या पोरांच्या रक्तात लोह नाही. याच्यावर कविता करायची तर करा, मला सुचली नाही.

हे होत नसतं, आपल्याकडून जमत नसतं, तर मी गप्प बसलो असतो. पण जमतं. 2005 साली राज्यानं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढलं, एक हजार दिवसांवर जोर दिला. 2005-06 साली दोन वर्षांखालची शंभरात 39 मुलं खुजी होती, 2012 च्या पाहणीत 23 वर आली. सहा-सात वर्षांत. रक्त बदललं का तेवढ्यात? मग जोर ओसरला. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं 1986 पासून काम करून दाखवलं की गावातली चार बुकं शिकलेली बाई नवजात पोराला वाचवू शकते, लागलं तर इंजेक्शनही देऊ शकते. ते 39 गावांत झालं, 1999 साली जगात छापून आलं, पुढे देशभरच्या आशांच्या कामात गेलं. पोरं जगली. आता जगलेल्या पोरांना वाढू द्यायचं एवढंच उरलं आहे, आणि तिथं सगळे थकले.

अंगणवाडीची बाई ही तर आमच्यासारखीच. मानधनावर. 2021 साली तिच्या हातातल्या सरकारी मोबाइलवर पोषणाची माहिती भरायला ॲप आलं, तेही इंग्रजीत. बायांनी मोबाइल परत नेऊन टाकले. डिसेंबर 2023 मध्ये संपावर गेल्या, दीड महिन्याच्या वर बसल्या. तेव्हा आमच्या गिरणीतल्या किती जणांनी एक दिवसाचा पगार दिला? मी दिला नाही. बदलीवाल्याला दिवस मोजून पैसे मिळतात, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आज लाज वाटते.

आणि आपले कवी. मीही त्यातलाच. सूर्य, ज्वालामुखी, मशाल, सगळं आपण लिहिलं. नाली कोणी लिहिली? बाबासाहेब 1927 साली महाडला तळ्यावर गेले ते पाण्याच्या ओंजळीसाठी. आपण त्या तळ्यावर हजार कविता केल्या आणि आपल्या हापशीचा ओटा अजून नालीत आहे. पुतळ्यासाठी वर्गणी तासात जमते. ओट्यासाठी सिमेंटच्या दहा थैल्या दोन वर्षं जमत नाहीत. हे मी शत्रू म्हणून बोलत नाही, मोहल्ल्यातला म्हणून बोलतो आहे. पुतळा पाहिजेच. त्याच्यासमोर खुजी पोरं उभी करायची का, एवढं सांगा.

टोलीतल्या गोंडांशी आपण बोललं पाहिजे. त्यांच्या पोरांची उंची आमच्याहून कमी. भामरागडकडे तर घरं विरळ, जंगल मोकळं, तिथं गुवापेक्षा मलेरिया आणि रिकामं ताट जास्त मारतं. मोह, चार, तरोटा, नाल्यातले मासे यांवर जे पोट भरत होतं ते जंगल कुंपणात गेलं. पण मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला, 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवानाही आपल्या हातात घेतला. मी ज्या बांबूचा लगदा होताना पाहतो तो कोणाचा, हे त्यांनी ठरवलं. ग्रामसभेला दात आहेत, वापरले तर.

आमच्या गावची ग्रामसभा 15 ऑगस्टला आहे. मोहल्ल्यातली आणि टोलीतली मिळून पाच वर्षांखालची 41 पोरं आम्ही मोजली आहेत, सेविकाबाईंची फळी मागून आणून, दोन रविवार. यादी तयार आहे. यादीत वरच्या गावातली पोरं नाहीत, त्यांनी मोजू दिली नाहीत. ठराव तीन : हापशीची नाली वळवणे, बोडीच्या काठचं बसणं सगळ्यांचं बंद करणे आणि सरपंचाचा खड्डा सरपंचानं उपसणे. पहिल्याला पैसे पंधराव्या वित्त आयोगाच्या हिशेबात दाखवलेले सापडले, कुठं गेले ते तिथंच विचारू. बहिणीची पोरगी तेव्हा दोन वर्षांला टेकलेली असेल. तिला घेऊन येतो. फळीही आणतो. सरपंचांनी आपला नातू आणावा.